सकाळचा शास्त्रीय संगीत आणि कला कार्यक्रम, कोल्हापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर आणि पत्रांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ध्वनिमुद्रण पाठवणाऱ्यांनी आणि घरातल्या जुन्या तबकड्या घेऊन येणाऱ्यांनी आपापला भाग पूर्ण वाचून मगच घरातून निघावं. निम्म्या फेऱ्या वाचतील.

कार्यक्रम किती वाजता लागतो?

रोज सकाळी साडेसहा ते आठ. पहिली दोन मिनिटं फक्त तानपुरा वाजतो. तेव्हा रेडिओ अडकलाय असं समजून डबी हलवू नका. मग मुख्य राग, साधारण सात वाजून पाच मिनिटांपर्यंत. त्यानंतर वाद्य किंवा एखादा छोटा राग, साडेसातला शहरातल्या कला-कार्यक्रमांची माहिती, आणि उरलेल्या वेळात ठुमरी, अभंग किंवा जुनी तबकडी. शनिवारी स्थानिक कलाकार, रविवारी नाट्यपदं.

साडेसहाच का? सात केले तर आम्हालाही ऐकता येईल.

ही मागणी दर थंडीत येते, आणि थंडीतच ती मान्य करता येत नाही. जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. म्हणजे घड्याळात साडेसहा तेच असले तरी बाहेरचं आकाश तासाभराने वेगळं असतं. जानेवारीत साडेसहाला ललत लावता येतो, कारण रात्रीचा शेवट अजून सरायचा असतो. दोन्ही मध्यम लागून येणारा तो राग उजेड पडल्यावर ऐकला तर त्याची निम्मी ओढ जाते. ललतनंतर भैरव, रामकली. जूनमध्ये याच वेळेला उन्हं खाली आलेली असतात, म्हणून तेव्हा सुरुवात अहिर भैरव, बिभास किंवा देसकारने होते आणि सव्वासातलाच तोडी येते. जौनपुरी, देसी, अल्हैया बिलावल हे त्याच्या पुढचे. कार्यक्रम सातला सुरू केला तर ललत आणि जोगिया वर्षातले बरेच महिने बादच होतील.

घड्याळ हलवण्यापेक्षा रागांची यादी हलवणं सोपं. ती आम्ही दर पंधरा दिवसांनी सूर्योदयाची वेळ पाहून बदलतो.

मग यमन, मालकंस, बागेश्री कधीच नाही का?

सकाळी नाही. ते संध्याकाळचे आणि रात्रीचे राग. हा काही सोवळ्याचा प्रकार नव्हे. राग वेळेशी बांधण्यामागे शास्त्र किती आणि सवय किती, यावर वाद घालता येतो आणि गायकही घालतात. पण ऐकणाऱ्याच्या कानाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, आणि चोवीस तासांत कधीही काहीही लावणारी साधनं प्रत्येकाच्या खिशात आहेत. वेळ पाळणारं निदान एक ठिकाण असावं, एवढाच आग्रह.

याचा एक तोटा मात्र मान्य करायला हवा. ज्या घराण्यामुळे कोल्हापूरचं नाव झालं, त्या जयपूर-अत्रौलीचे खास अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग बहुतेक रात्रीचे आहेत: बिहागडा, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस, बसंती केदार, नट कामोद. सकाळच्या श्रोत्याच्या वाट्याला येतात ते बिलावलचे प्रकार, खट, बहादुरी तोडी, लाचारी तोडी. तेही काही कमी नाही. सुखिया बिलावल, यमनी बिलावल आणि देवगिरी बिलावल पाठोपाठच्या तीन सकाळी ऐकले, तर एकाच घरातल्या भावंडांचे चेहरे कुठे वेगळे होतात ते कळायला लागतं. भैरवी सकाळचीच, पण मैफल तिनेच संपवायची रीत असल्याने ती आम्ही रविवारच्या शेवटाला ठेवतो.

एकच राग अर्धा तास? दहा-दहा मिनिटांचे तीन लावा ना.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात बारा मात्रा. लय खूप खाली ठेवली तर एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एक आवर्तन, तालाचा एक फेरा, जवळजवळ एका मिनिटाचं. गायक पहिली पाच-सहा आवर्तनं षड्जाच्या (सा) आसपास आणि मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, असतो, मध्यमापाशी पोचायला आणखी तेवढीच, आणि तार षड्ज लागतो तेव्हा पंधरा मिनिटं उलटलेली असतात. दहाव्या मिनिटाला बंद केलं तर श्रोत्याने राग ऐकलेलाच नसतो, फक्त त्याची पायरी चढलेली असते. जयपूर-अत्रौलीचे गायक सहसा इतकी खाली लय घेत नाहीत. त्यांचा विलंबित तीनताल मध्यलयीकडे झुकलेला, आकारयुक्त आलाप आणि तान एकमेकांत गुंफलेली, त्यामुळे तिथे अठरा-वीस मिनिटांतही ख्याल पुरा होतो. तरी दहात नाहीच.

म्हणून आमचा एक नियम आहे: चालू गाणं मध्ये कापायचं नाही. वेळेत न बसणारं ध्वनिमुद्रण आवाज हळूहळू कमी करून संपवण्यापेक्षा ते लावतच नाही. आधी लांबी मोजून निवड करतो. ३१ मिनिटांचा ख्याल असेल तर निवेदन एका वाक्याचं होतं. निवेदकाची नाराजी आम्ही सोसतो.

तीन मिनिटांचं गाणं मुळातच तीन मिनिटांचं असेल तर गोष्ट वेगळी. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, आणि त्या पिढीच्या कलाकारांनी तेवढ्यात राग उभा करायची वेगळी कला कमावली होती. ते कापलेलं गाणं नव्हे, त्या मापात शिवलेलं आहे.

अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं कधी लावणार?

लावता येणार नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक आणि शाहू महाराजांच्या दरबारात दीर्घकाळ असलेल्या खाँसाहेबांची (१८५५–१९४६) बाजारात आलेली ध्वनिमुद्रिका नाही. इंटरनेटवर त्यांच्या नावाने काही फिरत असेल तर ते आमच्याकडे पाठवण्याआधी आवाज कोणाचा, हे कोणा जाणत्याकडून तपासून घ्या.

त्यांची गायकी ऐकायची ती शिष्यपरंपरेतून. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, निवृत्तीबुवा सरनाईक, आणि खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्याच, भुर्जी खाँसाहेबांकडे आणि पुढे केसरबाईंकडे शिकलेल्या. एकच बंदिश यांच्यापैकी दोघांकडून लागोपाठ ऐकली की दोघांत जे सारखं उरतं ते वरून आलेलं, असा अंदाज बांधता येतो. वर्षातून काही आठवडे आम्ही मुद्दाम अशा जोड्या लावतो. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, ही माहिती बहुतेकांना असते. तीच भैरवी लावा अशी फर्माईश महिन्यातून एकदा तरी येते आणि आम्ही ती पुरवतो.

तुम्ही एकाच घराण्याचे आहात का?

नाही. या जिल्ह्याला तसं परवडणारही नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथलेच, त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. पन्नास किलोमीटरवर मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचं घर, म्हणजे किराणा घराणं. जगन्नाथबुवा पुरोहित काही काळ कोल्हापुरात होते, त्यामुळे आग्रा घराण्याचा रंगही इथल्या कानांना परका नाही. सोमवार ते शुक्रवार घराणी फिरती ठेवतो.

मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही. सुरुवात कशी करू?

कार्यक्रमाच्या पहिल्या दोन मिनिटांच्या तानपुऱ्यापासून. तो सुरू असताना ओठ मिटून त्याच्या षड्जात आवाज मिळवून पाहा. जुळला की छातीत एक स्थिर गुणगुण जाणवते, नाही जुळला की आवाजात थरथर होते. आठवडाभर एवढंच करा.

दुसऱ्या आठवड्यात तालाकडे वळा. विलंबितात पडू नका, द्रुत, म्हणजे जलद, बंदिशीपासून धरा. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायच्या आणि बंदिशीचा मुखडा कुठल्या अक्षरावर येऊन आदळतो ते बघायचं. ती सम. चुकाल, आणि बहुधा नवव्या मात्रेवरच्या ‘खाली’ला सम समजाल. सगळ्यांचंच तसं होतं, कारण तिथे डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा थांबतो आणि कानाला काहीतरी घडल्यासारखं वाटतं. रागांची नावं, थाट, वादी-संवादी हे सगळं नंतर. पाठ करून आलेला श्रोता गाणं ऐकत नाही, परीक्षा घेतो.

रेडिओवर खरखर येते. काय करावं?

आमच्यासारख्या सामुदायिक केंद्राला १०० वॅटच्या आसपासच शक्ती वापरायची मुभा असते. त्यामुळे भरवसा आठ-दहा किलोमीटरचा. रंकाळा, राजारामपुरी, कसबा बावडा, कळंबा इथे नीट लागायला हवं. पन्हाळा किंवा जोतिबाच्या डोंगरावरून एफएमवर लागेल याची खात्री देत नाही. तिथे इंटरनेटवरून ऐका.

शहरात असूनही खरखर असेल तर आधी रेडिओची दांडी पूर्ण ओढा. एफएमच्या लहरींना पाऊण मीटरच्या आसपासची उभी दांडी मानवते. अर्धी ओढलेली किंवा मोडून वीतभर उरलेली नाही. मग रेडिओ खिडकीपाशी हलवा. सिमेंटच्या स्लॅबमधल्या लोखंडी सळया लहरी अडवतात आणि परतवतात, म्हणून त्याच खोलीत दीड फूट सरकवल्याने फरक पडतो. मोबाइलवर ऐकत असाल तर इअरफोनची वायर हीच अँटेना. ती गुंडाळून खिशात ठेवली की आवाज जाणारच.

एवढ्याने भागलं नाही तर रेडिओवरचं स्टिरिओ बंद करून मोनो करा. स्टिरिओला मोनोपेक्षा बराच स्वच्छ सिग्नल लागतो. मोनोवर खरखर लगेच बसते, आणि एकट्या गायकाच्या गाण्यात त्याने फारसं बिघडत नाही. शेवटचा संशयित स्वयंपाकघरात असतो: स्वस्तातला एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर. एकेक बंद करून बघा. खरखर थांबली की चोर सापडला.

इंटरनेटवर आवाज अर्धा मिनिट मागे असतो. त्यामुळे एका खोलीत रेडिओ आणि दुसऱ्या खोलीत मोबाइल लावू नका.

माझं किंवा माझ्या मुलीचं गाणं शनिवारी लागू शकतं का? ध्वनिमुद्रण कसं करायचं?

लागू शकतं. आलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी निम्म्याहून अधिक गाण्यामुळे नव्हे, मुद्रणामुळे परत जातात. म्हणून हा भाग लांब आहे.

खोली. टाइल्सचा मोकळा हॉल टाळा. गाद्या, सतरंजी, जाड पडदे आणि कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली झोपायची खोली उत्तम. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे टणटण उरत असेल तर आणखी एक चादर लटकवा. पंखा बंद, फ्रिज बंद (नंतर चालू करायचा म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, विसरणार नाही), कुकर वेळेआधी लावून मोकळा. दुपारी दोन ते चार हा वेळ बऱ्याच गल्ल्यांत शांत असतो.

मोबाइलवर केलं तरी चालतं, पण एक गोष्ट न चुकता करा. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमधलं गोंगाट कमी करणारं आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारं, ही दोन्ही सेटिंग्ज बंद करा. कारण सोपं आहे. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ते यंत्र धरतं, आणि तानपुरा नेमका तसाच असतो. यंत्र तानपुरा पुसून टाकतं आणि गायक अधांतरी गातो. पातळी आपोआप बदलणारं सेटिंग उलटी खोड काढतं: गायक श्वास घ्यायला थांबला की तानपुरा उसळून वर येतो, गायला लागला की दबतो. अशी ध्वनिमुद्रणं नंतर कशानेही दुरुस्त होत नाहीत. मोबाइल विमान मोडवर टाका आणि गायकापासून तीन-चार फुटांवर, बसलेल्या गायकाच्या छातीच्या उंचीला, स्टुलावर जाड कापड घालून ठेवा.

मायक्रोफोन असेल तर गायकापासून एक ते दीड फूट, तोंडाच्या थोडा खाली आणि किंचित बाजूला. समोर धरला तर ‘प’ आणि ‘भ’ फुटतात. तबला गायकाच्या उजव्या हाताला निदान चार फुटांवर. त्याला वेगळा मायक्रोफोन दिला तर उजवा तबला आणि डग्गा यांच्या मध्ये, फूटभर वरून. तानपुरा गायकाच्या मागे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर त्याचा आवाज निम्म्यावर ठेवा. छोटा स्पीकर पूर्ण आवाजाला चिरका होतो आणि गायक नकळत त्या चिरकेपणाशी स्पर्धा करतो.

पातळी ठरवायला आधी तार सप्तकातली सगळ्यात जोरकस तान घेऊन बघा. तेव्हा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. मंद्रापासून पातळी लावली की विसाव्या मिनिटाला फाटतं. फाईल वेव्ह प्रकारची, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोबाइलवर १६ बिट मिळालं तरी पुरे. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा मिनिट नुसता तानपुरा सोडा, आम्हाला निवेदन त्यावर बसवता येतं. घुमारा, प्रतिध्वनी यांतलं काहीही वरून घालू नका. लांबी २० ते २८ मिनिटं, विलंबित आणि द्रुत मिळून.

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलं की आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. सोबत राग, ताल, बंदिशीचे शब्द, साथीदारांची पूर्ण नावं आणि कुठल्या पट्टीत गायलं ते लिहा. ‘काळी चार’ एवढंही चालेल. तबलजीचं नाव न लिहिणारे बरेच असतात. त्यांची फाईल आम्ही बाजूला ठेवतो, नाव येईपर्यंत.

निवड कोण करतं? आकाशवाणीची श्रेणी लागते का?

श्रेणी लागत नाही. आकाशवाणीची बी, बी-हाय, ए आणि टॉप ही श्रेणीव्यवस्था त्यांच्या स्वरचाचणीतून ठरते, तिचा इथे संबंध नाही. आमच्याकडे दोन जाणकार नाव न कळता ऐकतात: सूर, लय, आणि राग शेवटपर्यंत सांभाळला का. वेग कोणी बघत नाही. द्रुत तानांच्या नादात तोडीचा गंधार चढला की परत. शिकाऊ गायकाने अनवट रागापेक्षा भैरव किंवा बिलावल पाठवावा, हा फुकटचा सल्ला.

स्टुडिओत गायला बोलावलं तर किती आधी यायचं?

तासभर आधी, आणि तो तास वाद्यांसाठी. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैलावते आणि सूर उतरतो. वातानुकूलित खोलीत ती सुकते आणि सूर चढतो. घरी काळी चारला मिळवून आणलेला तबला स्टुडिओत वीस मिनिटांनी तिथे राहत नाही. म्हणून पेटीतून काढून अर्धा-पाऊण तास नुसता ठेवायचा आणि मग हातोडी. तानपुऱ्याचंही तेच. तारा आधी ढोबळ मिळवा, जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असणारा, दोरा शेवटी सरकवा. दोरा घरूनच जास्तीचा आणा. सुती शिवणदोरा चालतो, नायलॉनचा घसरतो.

तानपुऱ्याची जवारीच बसली असेल तर स्टुडिओत काही होणार नाही. आधी मिरजेला दाखवा. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र सणावारांच्या तोंडावर कारागिरांकडे गर्दी असते, दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

हार्मोनियम चालेल का?

चालेल. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती, ती १९७१ च्या सुमाराला सैल झाली. त्यामुळे जुन्या कलाकारांच्या मनात ही शंका अजून असते. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात पेटीला दार बंद करणं शोभणारही नाही. अट एवढीच की पेटी गायकाच्या मागून यावी, आधी नव्हे. पेटीच्या भात्याचा फुसफुस आवाज मायक्रोफोन फार आवडीने टिपतो, म्हणून भात्याची बाजू मायक्रोफोनकडे करू नका.

आजोबांच्या जुन्या तबकड्या आहेत. कार्यक्रमासाठी द्यायच्या आहेत.

आणा, पण आधी काही करू नका. विशेषतः पुसू नका.

७८ फेऱ्यांची तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा द्रव यांतल्या अल्कोहोलने लाख विरघळते. चकचकीत करायला गेलेल्या तबकड्या कायमच्या बहिऱ्या झाल्यात. धूळच काढायची असेल तर मऊ ब्रश गोलाकार, खाचांच्या दिशेने फिरवा. धुणं आमच्यावर सोडा: शुद्ध पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपून वाळवणं. तबकड्या एकावर एक रचून आणू नका, खालची तडकते. पुस्तकांसारख्या उभ्या, मध्ये जाड पुठ्ठा घालून. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका, वाकतात. तडा गेलेली तबकडीही आणा, पण डिंक-फेविकॉल लावून नव्हे.

माळ्यावरच्या ग्रामोफोनवर ‘एकदा लावून बघू’ हा मोह आवरा. त्याची पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. गंजलेली, वापरलेली सुई खाच खरवडते. आमच्याकडे ७८ फेऱ्यांसाठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई आहे. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बारीक असते, ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर देते.

वेगाची एक गंमत. ‘७८’ म्हणत असलो तरी सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या नेमक्या त्या वेगाने भरलेल्या नसत. ७६ वर भरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर अख्खं गाणं जवळपास पाव स्वराने चढतं, आणि पट्टी दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागते. साथीच्या पेटीचे सूर ओळखीच्या पट्टीवर बसेपर्यंत आम्ही वेग हलवतो. शेवटी गायिका स्वतःचं नाव पुकारते तो भाग कापत नाही. त्या काळी छपाई परदेशात व्हायची आणि तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळावं म्हणून ते नाव असायचं.

कॅसेट असतील तर पांढरी बुरशी आहे का ते आधी बघा. आपल्याकडच्या पावसात ती लागतेच. बुरशी असेल तर वाजवू नका, ती यंत्राच्या डोक्यावर बसून पुढच्या दहा कॅसेट खराब करते. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून आणा, फीत सैल होते.

प्रत केल्यावर मूळ तबकडी आणि डिजिटल प्रत दोन्ही तुम्हाला परत मिळतात. साधारण महिना धरा.

कार्यक्रमात लागलेलं गाणं मला पाठवाल का?

नाही. प्रसारणाची परवानगी आणि प्रत वाटण्याची परवानगी वेगवेगळी. भारतीय कायद्याने ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० मध्ये आलेली तबकडी २०२१ पासून त्या अर्थाने मोकळी. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. किर्लोस्कर आणि देवलांच्या नाट्यपदांचे शब्द कधीच मोकळे झाले, पण ती पदं गेल्या वर्षी कोणी गायली असतील तर ते ध्वनिमुद्रण मोकळं नाही. घरगुती बैठकीची टेप तुमच्याकडे असली तरी गाणाऱ्याचा हक्क ५० वर्षं असतो. अशी टेप देताना कलाकाराचं किंवा वारसांचं चार ओळींचं संमतिपत्र जोडा.

आमच्या मैफलीची, प्रदर्शनाची सूचना द्यायची आहे.

निदान पाच दिवस आधी लिहून पाठवा. तारीख आणि वार दोन्ही. दोन्हींचा मेळ नसेल तर चूक तिथेच पकडता येते. सभागृहाचं नाव, वेळ, प्रवेश खुला की पासवर, पास कुठे. ‘सर्वांना आग्रहाचं निमंत्रण’ म्हणायचं आणि दारात पास मागायचे, यावर श्रोते आम्हाला बोलतात. ठिकाण नक्की झाल्याशिवाय पाठवू नका. ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून शहरातल्या तारखांची ओढाताण वाढली, आणि देवल क्लब की शाहू स्मारक हे शेवटच्या आठवड्यात बदललं असं बरेचदा घडलं. बदल झाला तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवा. पत्रिकेचा फोटो नको, मजकूर हवा. वाचणाऱ्याला वळणदार अक्षरातली नावं लागत नाहीत.

रेडिओवर चित्र कसं दाखवणार?

दाखवत नाही, सांगतो. कलापूर म्हणवणाऱ्या गावात चित्रकार आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्याबद्दल बोलायचं नाही, असं कसं चालेल? पद्धत ठरलेली आहे. आधी आकार हातांच्या मापात, मग माध्यम, मग उजेड कुठल्या बाजूने येतो, आणि नंतर नजर ज्या क्रमाने फिरते त्या क्रमाने. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ या शब्दांना बंदी. दोन्ही कला एकमेकींपासून लांबही नाहीत: बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरवलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी, आणि त्या अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या.

पावसाळ्यात कार्यक्रम मध्येच बंद का होतो?

विजा जवळ पडायला लागल्या की प्रक्षेपक बंद करतो. तो जळला तर दुरुस्तीला आठवडे जातात. पाच-दहा मिनिटं वाट बघून परत लावा.

दुसरं कारण पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पाणी ३९ ला पोचलं की दर अर्ध्या तासाला प्रशासनाने दिलेली पातळी आणि बंद रस्ते वाचून दाखवतो. ४३ नंतर गाणं थांबवून फक्त सूचना. कोणाकडून ऐकलेली, पुढे ढकललेली माहिती वाचत नाही, कृपया ती कळवायला फोनही करू नका, लाइन मोकळी राहू द्या. सूचनेसाठी राग मध्येच थांबवावा लागला तर तो तिथूनच पुढे चालू होत नाही. पाणी ओसरल्यावर पहिल्या मोकळ्या सकाळी तोच राग, तेच ध्वनिमुद्रण, तानपुऱ्यापासून पुन्हा लागतं.